मराठी अध्यापन पद्धतीबाबत छात्राध्यापकांच्या अपेक्षा आणि समाधान: काय विचारावे, केव्हा विचारावे?

प्रश्न (एम.एड. विद्यार्थिनी, नाशिक)

नमस्कार. मी नाशिकमध्ये एम.एड. करीत असून लघुप्रबंधासाठी बी.एड. अभ्यासक्रमातील मराठी अध्यापन पद्धतीविषयी (मराठी कसे शिकवावे या विषयाविषयी) छात्राध्यापकांच्या, म्हणजे बी.एड. करणाऱ्यांच्या, अपेक्षा आणि समाधान हा विषय घेतला आहे. मार्गदर्शकांनी विषयाला संमती दिली आहे आणि प्रश्नावलीचा पहिला मसुदाही तयार आहे. हा मसुदा घेऊन शहरातील काही छात्राध्यापकांशी प्राथमिक चर्चा केली, तेव्हा एक अडचण समोर आली. या क्षेत्रात काम केलेल्या मंडळींचे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये असे वाटल्याने येथे लिहीत आहे.

अडचण अशी की "मराठी अध्यापन पद्धतीच्या तासिकांबाबत आपण किती समाधानी आहात?" या प्रश्नाला जवळजवळ सर्वांनी "समाधानी" किंवा "पूर्णतः समाधानी" असे उत्तर दिले. प्रश्नावली बाजूला ठेवून त्याच विद्यार्थ्यांशी बोलायला बसले, तेव्हा मात्र निराळेच चित्र दिसू लागले. एका छात्राध्यापिकेने आपली पाठ टाचणाची (पाठाच्या लेखी नियोजनाची) वही उघडून दाखवली. प्रत्येक पाठाखाली लाल शाईत शेरे होते: "आवाज स्पष्ट", "फलकलेखन सुधारावे", "वेळेचे नियोजन योग्य". ज्या कवितेचा पाठ आपण घेतला ती मुलांपर्यंत पोहोचली की नाही, याबद्दल संपूर्ण वहीत एकही वाक्य नाही आणि हेच शेरे इतिहासाच्या पाठाखाली लिहिले असते तरी चालले असते, असे तिचे म्हणणे होते. तिनेही प्रश्नावलीत "समाधानी" याच पर्यायावर खूण केली होती. कारण विचारल्यावर ती म्हणाली, "सर शिकवतात चांगले, त्रास काही नाही, मग असमाधानी कसे लिहायचे?"

दुसरी बाब अपेक्षांची. "या पद्धतीकडून आपल्या काय अपेक्षा होत्या?" असे विचारले की व्याकरण पक्के व्हावे, पाठ कसा घ्यायचा ते कळावे, टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षेची) तयारी व्हावी, यापलीकडे फारसे काही येत नाही. अपेक्षाच इतक्या मोघम असतील, तर त्या पूर्ण झाल्या की नाही हे पाचबिंदू श्रेणीवर (पाच पर्यायांच्या मोजपट्टीवर) मोजून हाती काय लागणार, असा प्रश्न मला पडला आहे.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014च्या नियमावलीनुसार 2015-16 पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेत प्रत्यक्ष घालवायचा काळ एकूण 20 आठवड्यांवर गेला. या वाढलेल्या काळाचा भाषेच्या भावी शिक्षकाला नेमका काय उपयोग झाला, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे. त्यासाठी छात्राध्यापकांना काय विचारावे, अभ्यासक्रमाच्या कोणत्या टप्प्यावर विचारावे आणि त्यांच्याखेरीज आणखी कोणाला विचारावे, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (प्राध्यापक, बी.एड. महाविद्यालय, नाशिकरोड)

आपण मांडलेली अडचण हाच आपल्या प्रबंधाचा गाभा ठरू शकतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मराठी अध्यापन पद्धती मी अनेक वर्षे शिकवीत आहे आणि सत्राच्या शेवटी भरून घेतलेले समाधानाचे अर्ज दर वर्षी वाचतो.

आधी अपेक्षांबद्दल. डॉक्टर किंवा वकील होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने तो व्यवसाय आतून पाहिलेला नसतो. शिक्षक होऊ पाहणारा मात्र दहा-पंधरा वर्षे वर्गात बसून शिक्षकांना पाहत आलेला असतो. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1975 मध्ये याकडे लक्ष वेधले. विद्यार्थी बाकावर बसून जी उमेदवारी करतो, तिच्यात त्याला शिक्षकाची कृती दिसते, पण त्या कृतीमागचा विचार दिसत नाही, हे त्याचे प्रतिपादन आपल्याकडच्या मराठीच्या तासाला तंतोतंत लागू पडते. आमच्याकडे येणाऱ्या मुलामुलींनी मराठीचा तास म्हणजे शिक्षकाने धडा वाचणे, कठीण शब्दांचे अर्थ सांगणे, कवितेचा भावार्थ उतरवून देणे आणि शेवटी प्रश्नोत्तरे लिहवून घेणे असाच पाहिलेला असतो. त्यामुळे हेच अधिक नीटनेटके करायला शिकावे, अशी त्यांची अपेक्षा असते. तेवढे मिळाले की विद्यार्थी समाधानी होतो आणि ते समाधान खरेही असते. चाकोरीबाहेर काही असू शकते हेच ज्याला ठाऊक नाही, तो त्याची अपेक्षा तरी कशी करणार? समाधानाचा आकडा मोठा दिसतो त्याला अनेकदा अपेक्षेचे लहानपण कारणीभूत असते, हे आपल्या प्रबंधात स्पष्टपणे यायला हवे.

याची उलट बाजूही मी पाहिली आहे. ज्या वर्षी आम्ही भावार्थ सांगण्यावर बंदी घातली आणि प्रत्येक छात्राध्यापकाने कवितेवर मुलांना बोलते करणारे प्रश्न तयार करावेत असा आग्रह धरला, त्या वर्षीचे समाधानाचे अर्ज आदल्या वर्षापेक्षा नाराजीचे होते. "खूप काम दिले", "काय अपेक्षित आहे ते कळत नाही" अशी वाक्ये त्यांत होती. त्याच तुकडीतले काही जण पुढे नोकरीला लागल्यावर भेटतात आणि आवर्जून सांगतात, की वर्गात आज जे उपयोगी पडते आहे ते त्या वर्षीचे काम. अभ्यासक्रम चालू असताना विचारलेले समाधान आणि वर्गात उभे राहिल्यानंतर विचारलेले समाधान या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपण फक्त पहिलीच मोजली, तर विद्यार्थ्यांकडून कमी काम करून घेणारे महाविद्यालय उत्तम ठरण्याचा धोका आहे.

आता त्या वहीतील शेऱ्यांबद्दल, कारण ती बाब मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते. सूक्ष्म अध्यापनाचे (एकेक अध्यापन कौशल्य छोट्या पाठातून सरावण्याचे) जे प्रतिमान आपल्या देशात रूढ आहे, त्याचे चक्र 36 मिनिटांचे असते: 6 मिनिटे अध्यापन, 6 मिनिटे प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), 12 मिनिटे पुनर्नियोजन, 6 मिनिटे पुन्हा अध्यापन आणि 6 मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याला एकूण 12 मिनिटे आणि त्यावर बोलण्याला व फेरविचार करण्याला 24 मिनिटे. ज्यांनी हे चक्र आखले, त्यांनी चर्चेला अध्यापनाच्या दुप्पट वेळ दिला होता. आपल्याकडे वेळापत्रकाच्या ओढाताणीत पहिली 6 मिनिटे तेवढी टिकतात, प्रत्याभरणाचा शेरा होतो आणि पुनर्अध्यापन बहुधा कागदावरच उरकले जाते. पन्नास विद्यार्थ्यांचे पाठ ठरलेल्या आठवड्यात संपवायचे असतील, तर निरीक्षकही दोन वर्गांत येऊन-जाऊन शेरे लिहितो. मग शेरा आवाजाबद्दल आणि फळ्याबद्दलच असणार, कारण दारात उभे राहून तेवढेच दिसते.

भाषेच्या पाठावर बोलायचे तर निरीक्षकाला पूर्ण तास बसावे लागते. प्रश्न विचारल्यावर शिक्षिका किती वेळ थांबली, मुलाने अर्धवट उत्तर दिले तेव्हा ते तिने पुढे नेले की स्वतःच पूर्ण करून टाकले, मुलांनी कवितेतली ओळ स्वतःहून किती वेळा उच्चारली, वर्गात बोलणे कोणाचे अधिक होते, या गोष्टी टिपाव्या लागतात. त्यासाठी निरीक्षक स्वतः त्या विषयाचा असावा लागतो. 2014च्या निकषांनुसार 100 विद्यार्थ्यांच्या वार्षिक प्रवेशक्षमतेमागे 16 अध्यापक अपेक्षित आहेत आणि त्यांतील 8 जण अध्यापन पद्धतींसाठी आहेत. त्या आठांत गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि भाषा असे सगळेच येतात. जागा रिक्त असतील, तर मराठीचा पाठ विज्ञानाचे प्राध्यापक पाहतात. त्यांचा दोष नाही. कवितेच्या पाठात त्यांनी आवाज आणि वेळ याशिवाय काय पाहावे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून माझी सूचना अशी. "निरीक्षणाबाबत समाधानी आहात का?" असे विचारू नका. "आपल्या मराठीच्या पाठांपैकी किती पाठ मराठी विषयाच्या अध्यापकांनी पूर्णवेळ पाहिले?", "पाठानंतर समोरासमोर चर्चा झाली का, साधारण किती वेळ?", "त्या चर्चेमुळे पुढच्या पाठात आपण काय बदलले, एक उदाहरण लिहा" असे विचारा. शेवटच्या प्रश्नाची जागा किती जणांनी कोरी सोडली, ते पाहिले तरी आपल्याला पुष्कळ कळेल.

उत्तर (माध्यमिक शिक्षक, सटाणा परिसर)

वरील सरांनी महाविद्यालयाची बाजू मांडली, मी शाळेची मांडतो. आमच्या शाळेत दर वर्षी आंतरवासितेसाठी (शाळेत प्रत्यक्ष काम करण्यासाठी) छात्राध्यापक येतात आणि मराठी पद्धतीचे विद्यार्थी बहुधा माझ्याकडे सोपवले जातात. पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी 16 आठवडे असा त्यांचा काळ नियमात आहे. सोळा आठवडे म्हणजे जवळजवळ एक सत्र. एवढ्या काळात भाषेचा शिक्षक घडू शकतो, पण तो काळ कसा जातो याकडे कोणी पाहत नाही. गैरहजर शिक्षकांचे तास सांभाळणे, चाचणीचे पर्यवेक्षण, हजेरी ऑनलाइन भरणे आणि सहशालेय कार्यक्रमांची तयारी यांत त्यांचा मोठा वेळ जातो. शाळेलाही माणसे कमी असतात, त्यामुळे कोणाला बोल लावावा असे नाही. परंतु आपल्या प्रश्नावलीत आंतरवासितेचा आठवडा प्रत्यक्षात कसा गेला याचा हिशेब मागितला नाही, तर "आंतरवासिता उपयुक्त वाटली" या विधानावरच्या खुणेला काही अर्थ उरणार नाही.

मला आग्रहाने सांगायचे आहे ते लेखन तपासण्याबद्दल. दहावीच्या कुमारभारतीच्या (मराठीच्या पाठ्यपुस्तकाच्या) 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत (प्रश्नपत्रिकेत) 24 गुण उपयोजित लेखनाला आहेत. पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा, निबंध हे सगळे त्यात येते. हे लेखन शिकवायचे कसे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तपासायचे कसे, याचे शिक्षण घेऊन आलेला छात्राध्यापक माझ्या पाहण्यात क्वचितच येतो. टाचणे सगळी गद्य आणि पद्य पाठांची असतात. लेखनाचा पाठ घेतला तरी तो पत्राचा नमुना फळ्यावर उतरवून देण्यापर्यंतच जातो.

आमच्या बागलाणात घरची बोली अहिराणी आहे. सातवीच्या एका मुलाने सुट्टीवर लिहिताना "आम्ही वावरमा गेलो, मग घरमा आलो" असे लिहिले होते. छात्राध्यापकाने दोन्ही ठिकाणी लाल गोल काढून "अशुद्ध" असे लिहिले आणि वही परत दिली. ते मूल पुढच्या निबंधात चार ओळींवर थांबले. चूक व्हायला नको म्हणून त्याने लिहिणेच कमी केले होते. मी त्या छात्राध्यापकाला जवळ बसवून दाखवले, की मुलाने दोन्ही ठिकाणी एकच नियम पाळला आहे. प्रमाण मराठीत जिथे "त" येतो तिथे त्याच्या बोलीत "मा" येतो. ज्याला आपल्या बोलीचा नियम इतका पक्का ठाऊक आहे, त्याला प्रमाण भाषेचा नियम शेजारी मांडून दाखवणे अवघड नाही. दुसऱ्या दिवशी छात्राध्यापकाने फळ्यावर दोन रकाने आखले, मुलांनी स्वतःहून घरचे शब्द सांगितले आणि ज्या वर्गात हात वर होत नव्हते तिथे बोलायला मुले थांबेनात. हा छात्राध्यापक स्वतः अहिराणी बोलणाऱ्या घरातला होता. तरीही महाविद्यालयाच्या दोन वर्षांत घरची भाषा हे अध्यापनाचे साधन होऊ शकते असा विषय त्याच्यापुढे आला नव्हता.

नाशिक जिल्ह्यात हा विषय बाजूला ठेवताच येणार नाही. पेठ, सुरगाण्याकडे कोकणा, वारली आणि भिल्ली बोलणारी मुले आहेत, मालेगावात उर्दू बोलणारी आहेत. शिक्षण हक्क कायदा 2009 मधील कलम 29 शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिक्षण असावे असे सांगते. त्या "शक्य तिथवर"ची जबाबदारी प्रत्यक्षात भाषेच्या शिक्षकावर येऊन पडते. आपण प्रश्नावलीत "प्रमाण मराठीपेक्षा वेगळी बोली घरी असलेल्या मुलांना शिकवण्याची तयारी करून दिली गेली का?" हा प्रश्न जरूर घ्या आणि छात्राध्यापकाची स्वतःची घरची बोली कोणती, हेही विचारा.

एक विनंती आणखी. शाळेतील मार्गदर्शक शिक्षकांनाही आपल्या अभ्यासात स्थान द्या. महाविद्यालयाकडून आमच्याकडे येते ते विद्यार्थ्यांच्या नावांची यादी आणि मूल्यमापनाचा तक्ता. त्यांनी आमच्याकडून काय शिकावे अशी अपेक्षा आहे, हे आम्हाला कधी कोणी बसून सांगितलेले नाही.

उत्तर (मराठी शिक्षिका, इंग्रजी माध्यमाची शाळा, देवळाली परिसर)

मी बी.एड. पूर्ण करून अलीकडेच नोकरीला लागले आहे, त्यामुळे आपल्या प्रश्नाचे उत्तर थेट अनुभवातून देऊ शकते. सत्राच्या शेवटी माझ्याही अर्जावर "पूर्णतः समाधानी" असेच होते. आज तोच अर्ज पुन्हा दिला, तर मी काही गोष्टींना अधिक गुण देईन आणि एका गोष्टीला शून्य देईन.

ती गोष्ट म्हणजे मराठी ज्यांची पहिली भाषा नाही अशा मुलांना मराठी शिकवणे. राज्यातील सर्व शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे करणारा कायदा 2020 मध्ये झाला. त्यानंतर केंद्रीय मंडळांच्या आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मराठीच्या शिक्षकांची गरज वाढली आणि माझ्यासारख्या अनेकींना काम मिळाले. आमच्या भागात तोफखान्याच्या केंद्रामुळे सैन्यातील कुटुंबे देशभरातून बदलून येतात. सहावीच्या वर्गात एक मुलगी पहिलीपासून मराठी शिकलेली असते आणि तिच्या शेजारच्या मुलाने मागच्या महिन्यात प्रथमच मराठी ऐकलेली असते. दोघांपुढे पुस्तक एकच.

पहिल्या आठवड्यात एका मुलाने विचारले, "मॅडम, पुस्तक 'ती' का नाही? 'ते' का?" हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे त्याच्या दृष्टीने प्रश्न रास्त होता. नामाचे लिंग कसे ओळखावे हे जन्माने मराठी बोलणाऱ्या व्यक्तीला कधी जाणीवपूर्वक शिकावे लागत नाही आणि म्हणून ते समजावताही येत नाही. मी व्याकरणात चांगली होते. समास, वृत्ते, अलंकार मला उत्तम येत होते. पण "ते पुस्तक, ती वही, तो फळा" हे रोज बोलण्यातून कसे रुजवायचे, नपुंसकलिंगाची सवय नसलेल्या कानाला ती कशी लावायची, आधी किती शब्द द्यायचे, मूल बोलताना चुकले तर तिथेच टोकायचे की वाक्य पूर्ण होऊ द्यायचे, यांतील काहीच माझ्या पद्धतीच्या तासाला आले नव्हते. आम्ही सारे सराव पाठ मराठी माध्यमाच्या शाळांत घेतले आणि मराठी म्हणजे प्रथम भाषा हे गृहीतच धरले गेले. हे मला पुढे लागणार आहे याची त्या वेळी मलाही कल्पना नव्हती. प्रवेशाच्या दिवशी मला अपेक्षा विचारल्या असत्या, तरी ही अपेक्षा मी लिहिली नसती.

म्हणून आपल्याला विनंती आहे की उत्तीर्ण होऊन एक-दोन वर्षे शिकवत असलेल्यांना अवश्य विचारा. हिंदीच्या किंवा इंग्रजीच्या पद्धतीचे विद्यार्थीही तुलनेला घेता आले तर पाहा, कारण ती भाषा मुलांची घरची नाही हे त्यांच्या पद्धतीच्या तासाला आरंभापासून गृहीत असते.

उत्तर (सेवांतर्गत बी.एड. पूर्ण केलेले शिक्षक, दिंडोरी तालुका)

थोडक्यात लिहितो. मी नोकरीत असताना यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.एड. केले. आमच्या संपर्क सत्रांत बसणारे सगळे आधीपासून वर्गात शिकवणारे होते. त्यामुळे अपेक्षा मोघम नव्हत्या. "चौथीतली पाच मुले अजून जोडाक्षरे वाचत नाहीत, त्यांच्यासाठी काय करू?" असे प्रश्न घेऊनच लोक येत आणि मिळालेले उत्तर सोमवारी वर्गात वापरून पाहत. अपेक्षा अनुभवातून तयार होते, हे तपासायचे असेल तर नियमित आणि सेवांतर्गत अशा दोन्ही विद्यार्थ्यांना एकच प्रश्नावली द्या. हे विद्यापीठ नाशिकमध्येच असल्याने आपल्याला ही तुलना इतरांपेक्षा सोपी जाईल.

उत्तर (बी.एड. द्वितीय वर्ष, नाशिक)

वरच्या सर्वांचे म्हणणे पटते, तरीही आम्हा विद्यार्थ्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. टीईटीची तयारी व्हावी ही अपेक्षा आपण मोघम म्हटली आहे, पण आमच्यासाठी ती सर्वांत ठोस अपेक्षा आहे. पहिली ते आठवीसाठी टीईटी लागते आणि पवित्र पोर्टलवरून (राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून) नियुक्ती हवी असेल तर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. ही चाचणी 200 गुणांची असून त्यांपैकी 120 गुण अभियोग्यतेला आणि 80 गुण बुद्धिमत्तेला असतात. कविता कशी शिकवता, मुलाचे लेखन कसे तपासता, हे तिथे कोणी पाहत नाही. घरून शुल्क भरून दोन वर्षे काढणाऱ्या विद्यार्थ्याचे मन त्या चाचणीकडे ओढले जाते आणि सत्राच्या उत्तरार्धात वर्गातली निम्मी मुले अभ्यासिकेत दिसतात. उत्तम मराठी शिक्षक व्हावे असे आम्हालाही वाटते. मात्र नोकरीच्या दाराशी ज्याची विचारणा होत नाही, त्यावर अधिक वेळ द्या असे म्हणताना आमची ही अडचण समाधानाच्या प्रश्नांत कुठेतरी नोंदली जावी, एवढीच इच्छा आहे. नाहीतर आमचे असमाधान पद्धतीच्या प्राध्यापकांच्या खाती जमा होईल आणि ते योग्य होणार नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याने मांडलेला मुद्दा विशेष महत्त्वाचा वाटला, तो मी स्वतंत्र प्रश्न म्हणून घेत आहे: अभ्यासक्रमाविषयीचे असमाधान आणि भरती प्रक्रियेविषयीचे असमाधान वेगवेगळे नोंदवता येईल अशी रचना करीन.

प्रश्नावलीत आता प्रत्येक बाबीपुढे दोन रकाने ठेवण्याचा विचार आहे. एका रकान्यात ती बाब भाषाशिक्षकासाठी किती महत्त्वाची वाटते आणि दुसऱ्यात ती अभ्यासक्रमात प्रत्यक्ष किती मिळाली. बाबी मात्र आपण सुचवलेल्या ठोस स्वरूपाच्या असतील: कवितेवर मुलांना बोलते करणे, लेखन तपासून उपयोगी शेरा देणे, वेगळी बोली घरी असलेल्या मुलांना शिकवणे, द्वितीय भाषा म्हणून मराठी शिकवणे, दहावीच्या 20 गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनात मुलांचे बोलणे आणि ऐकणे पारखणे, पाठानंतरची चर्चा. सर्वसाधारण समाधानाचा एकच प्रश्न शेवटी ठेवते, म्हणजे ठोस बाबींवरील उत्तरे आणि सर्वसाधारण खूण यांत किती अंतर पडते तेही दिसेल.

एक शंका उरते. त्याच विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या वेळी, आंतरवासितेनंतर आणि नोकरी लागल्यावर विचारणे हेच योग्य आहे, पण एम.एड.च्या कालावधीत ते शक्य नाही. शिवाय एका महाविद्यालयात मराठी पद्धतीचे विद्यार्थी फार थोडे असतात.

उत्तर (प्राध्यापक, बी.एड. महाविद्यालय, नाशिकरोड)

दोन रकान्यांची कल्पना चांगली आहे. बाब किती महत्त्वाची वाटते तो रकाना आधी सर्व बाबींसाठी भरून घ्या आणि पान उलटल्यावर दुसरा द्या. शेजारी-शेजारी ठेवले, तर विद्यार्थी एकाकडे पाहून दुसरा भरतात.

कालावधीबाबत असे करता येईल, की एकाच वेळी तीन वेगवेगळे गट घ्यावेत: नुकताच प्रवेश घेतलेले, आंतरवासिता संपवलेले आणि उत्तीर्ण होऊन एक-दोन वर्षे शिकवणारे. ही माणसे वेगवेगळी आहेत, त्यांच्या काळचे अध्यापकही कदाचित वेगळे होते. त्यामुळे एका गटातून दुसऱ्या गटात "बदल झाला" असे न लिहिता "फरक आढळला" असे लिहा. तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षक नेमके इथेच बोट ठेवतात. संख्या थोडी असल्याने टक्केवारी टाळा. बाराजणांपैकी नऊ म्हणजे पंचाहत्तर टक्के असे लिहिल्याने माहिती वाढत नाही, उलट ती फार मोठ्या गटाची आहे असा भास होतो. संख्या तशीच द्या आणि प्रत्येक गटातील काही जणांच्या सविस्तर मुलाखती घ्या. सटाण्याच्या सरांनी सांगितलेल्या दोन रकान्यांच्या फळ्यासारखे प्रसंग मुलाखतीतूनच मिळतील.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अर्ज कोणाच्या हाती आणि केव्हा जातात, ते पाहा. अंतर्गत गुण विद्यापीठाकडे जाण्यापूर्वी त्याच विषयाच्या प्राध्यापकांनी वर्गात अर्ज वाटले आणि गोळा केले, तर नाव लिहायला सांगितले नसले तरी अक्षर ओळखीचे असते आणि विद्यार्थी सांभाळूनच लिहितो. आपण स्वतः जा, प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या, गुण कळवून झाल्यानंतरची वेळ ठरवा आणि त्या अर्ध्या तासात विषयाचे प्राध्यापक वर्गात नसतील अशी विनंती करा. आमच्या महाविद्यालयात यायचे असेल तर आंतरवासितेहून विद्यार्थी परतल्यानंतरचा आठवडा सोयीचा पडेल. मी त्या वेळी वर्गाबाहेर थांबेन.